गाव सोडून पुण्या-मुंबईला जाण्याआधी: पगाराचा, वेळेचा आणि घराचा हिशेब

तालुक्याच्या गावात सतरा हजार मिळतात आणि पुण्यात पस्तीस हजारांची नोकरी लागतेय, मग विचार कसला करायचा, असं घरात सगळेच म्हणतात. विचार करायचा तो याच आकड्यांचा. शहरात गेल्यावर हातात पडतो तो आकडा वेगळा, महिनाअखेर उरतो तो त्याहून वेगळा, आणि दिवसाचे किती तास आपले राहतात हे तर पगाराच्या पत्रात कुठेच लिहिलेलं नसतं. मराठवाडा, विदर्भ, खानदेश किंवा कोकणातून पुण्या-मुंबईकडे निघालेल्यांसाठी हा लेख आहे. त्यातल्या पायऱ्या क्रमाने घ्या. पहिल्या दोन पायऱ्यांचं उत्तर नकारार्थी आलं आणि पुढे पगार वाढण्याची आशाही दिसत नसेल, तर पुढच्या करायची गरजच उरत नाही.

पहिली पायरी: सीटीसीचा हातातला पगार करा

कंपनी सांगते ती रक्कम बहुतेक वेळा सीटीसी असते, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च. वर्षाला ४ लाख २० हजार, म्हणजे महिना ३५,००० असं समजू. मूळ वेतन त्याच्या निम्मं, म्हणजे १७,५०० धरा. कंपनीने भविष्य निर्वाह निधीत (पीएफ) भरायचे १२ टक्के, म्हणजे २,१०० रुपये, याच ३५ हजारांतून निघतात. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ८४० रुपये, पुष्कळ कंपन्या याच आकड्यात धरतात. राहिले सुमारे ३२,०००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ २,१०० जातो, व्यवसाय कर २०० जातो (फेब्रुवारीत ३००), आणि गटविमा असेल तर तीनेकशे. हातात पडतात साडेएकोणतीस हजार. पीएफ आणि ग्रॅच्युइटी बुडत नाहीत, पण त्यातून घरभाडं भरता येत नाही. शिवाय ग्रॅच्युइटी सहसा पाच वर्षांच्या नोकरीनंतर मिळते.

म्हणून नोकरी स्वीकारण्याआधी एचआरला, म्हणजे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला, एक प्रश्न थेट विचारा: ‘महिन्याला बँकेत नक्की किती जमा होतील?’ उत्तर ईमेलवर मागा. सीटीसीमध्ये ‘व्हेरिएबल’ किंवा ‘परफॉर्मन्स बोनस’ असेल तर हिशेब करताना तो शून्य धरा. मिळाला तर आनंदच आहे.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि त्यात कुटुंबाच्या उपचारांची सोय होते. कमी पगारावर जाणाऱ्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. पण ती ठेकेदाराने खरोखर भरली तरच. कार्ड निघालं का, हे पहिल्या महिन्यातच बघा.

दुसरी पायरी: दोन गावांचा एक महिना शेजारी शेजारी मांडा

एका वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे आताचा महिना, उजवीकडे शहरातला. आकडे स्वतःचे घाला; खाली पद्धत कळावी म्हणून एक नमुना दिला आहे.

समजा नवरा, बायको आणि एक शाळेतलं मूल. गावात हातात १७,००० येतात. घर स्वतःचं. वीज ६००, गॅस ९००, किराणा-भाजी ५,००० (ज्वारी, डाळ, तांदूळ शेतातले), शाळा १,२००, पेट्रोल १,०००, मोबाइल ५००, किरकोळ १,५००. एकूण १०,७००. उरले ६,३००.

तेच कुटुंब पुण्यात, हातात २९,५००. भाडं ११,०००, पाणी आणि मेंटेनन्स ८००, वीज ९००, गॅस ९००, किराणा-दूध-भाजी ८,०००, शाळा आणि व्हॅन ३,५००, पेट्रोल २,५००, मोबाइल-इंटरनेट ९००, औषधपाणी, कपडे, पाहुणे मिळून २,०००. एकूण ३०,५००. म्हणजे महिन्याला हजार रुपये कमीच पडतात. पगार साडेबारा हजारांनी वाढला आणि शिल्लक संपली.

आता तोच माणूस एकटा गेला तर? कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत फक्त एक खाट) ४,५००, मेसचा डबा ३,५००, जाण्या-येण्याचे १,५००, मोबाइल ४००, महिन्यातून एकदा गावी जाऊन येण्याचे १,५००, इतर २,५००. हे झाले १३,९००. गावी कुटुंबाला ९,५०० लागले तर उरले ६,१००. म्हणजे गावात उरत होते जवळपास तेवढेच, आणि वर घरापासून लांब.

या नमुन्यात माणसं नेहमी तीन खर्च विसरतात. एक, सणाला गावी जाण्याचा खर्च; दिवाळीत खासगी ट्रॅव्हल्सची तिकिटं एरवीच्या कितीतरी पट होतात. दुसरा, येणारे पाहुणे. शहरात आपलं माणूस आहे म्हटल्यावर दवाखान्याला, परीक्षेला, मुलाखतीला गावाकडची माणसं येणारच, आणि यावीतच. पण त्यासाठी महिन्याला काही रक्कम बाजूला काढावी लागते. तिसरा, गावात फुकट मिळणाऱ्या गोष्टी: शेजारचं दूध, परड्यातली भाजी, आजी-आजोबांनी सांभाळलेलं मूल. यातली शेवटची गोष्ट शहरात सर्वांत महाग पडते.

मग शहरात जायचं कशासाठी?

वरच्या हिशेबावरून जाऊच नये असं वाटेल. तसं नाही. शहराची खरी कमाई पहिल्या पगारात दिसत नाही. ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसते, आणि तीही ज्या कामात कौशल्य वाढतं त्याच कामात. सीएनसी मशीनवर बसणारा, टॅली शिकून जीएसटी विवरणपत्रं भरू लागलेला, रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करणारी परिचारिका, सॉफ्टवेअर तपासणारा: या माणसांना शहरात दुसरी, तिसरी नोकरी मिळते आणि प्रत्येक बदलाला पगार चढतो. तालुक्याच्या गावात त्या कामाची एखादीच जागा असते आणि पगार तिथेच थांबतो. पण माल चढवणं-उतरवणं, रखवाली, घरपोच सामान पोचवणं या कामांत तिसऱ्या वर्षीचा पगार पहिल्या वर्षीच्या आसपासच राहतो. अशा कामासाठी घर मोडून सहकुटुंब जाणं आमच्या मते चुकीचं आहे. एकट्याने, ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक कर्ज फेडायला जाणं वेगळं.

म्हणून वहीच्या त्याच पानाखाली एक ओळ लिहा: तीन वर्षांनी मी कुठलं काम करत असेन आणि त्याला बाजारात काय मिळतं? ज्याने त्या कामात तीन-चार वर्षं काढली आहेत, अशा दोघांना विचारून हा आकडा भरा.

दुसरी गोष्ट म्हणजे जोडीदाराची कमाई. वरच्याच नमुन्यात बायकोला १४,००० ची नोकरी लागली, पाळणाघराला ४,००० आणि तिच्या प्रवासाला १,२०० गेले, तरी ८,८०० वाढतात आणि तुटीचा महिना जवळपास ७,८०० शिलकीचा होतो. गावात तिला काम मिळत नव्हतं आणि शहरात मिळणार असेल, तर सगळा निर्णयच पालटतो. पण ती नोकरी खरी आहे का, पाळणाघर किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे आधी बघायचं.

चाकण, रांजणगाव, तळेगावच्या एमआयडीसीत जाणाऱ्यांनी आणखी एक विचारावं: कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या? ठेकेदाराकडे असाल तर पीएफचं पासबुक दर महिन्याला ऑनलाइन बघा. पगारातून कापलेली रक्कम पासबुकात दिसत नसेल, तर दुसऱ्याच महिन्यात विचारा. वर्षाने ठेकेदार बदललेला असतो. आधी कुठे नोकरी केली असेल तर जुना यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा) क्रमांकच द्या, नवा काढू नका. आणि नोकरीसाठी कुणी ‘जॉइनिंग फी’, गणवेशाचे किंवा लॅपटॉपच्या अनामतीचे पैसे आधी मागितले, तर तिथून उठून या.

स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या पेठांत जाणाऱ्यांचं गणित निराळं, कारण तिथे वहीच्या उजव्या बाजूला कमाईच नसते. कॉट, मेस, अभ्यासिका, क्लास आणि चाचण्या यांचा वर्षाचा खर्च घरच्यांसमोर मांडा. किती प्रयत्न द्यायचे, हे जाण्याआधीच ठरवा आणि लिहून ठेवा. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. म्हणून आयोग थांबवेल याची वाट बघत बसलं, तर उमेदीची दहा वर्षं सहज जातात. पूर्वपरीक्षेचा अभ्यास गावात किंवा जिल्ह्याच्या अभ्यासिकेत करून मुख्य परीक्षेपुरतं पुण्याला जाणं अनेकांना परवडतं आणि जमतंही.

तिसरी पायरी: आधी कामाची जागा, मग वाट, शेवटी घर

नवे लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. ओळखीचा माणूस राहतो तिथे घर घेतात आणि मग रोज शहर ओलांडतात. एका बाजूला दीड तास म्हणजे दिवसाला तीन, महिन्याच्या पंचवीस दिवसांत पंचाहत्तर तास. तीन अख्खे दिवस-रात्र रस्त्यावर.

पुण्यात गर्दी उपनगरांच्या तोंडाशी होते. म्हणून कामाच्या त्याच बाजूला राहा. हिंजवडीला काम असेल तर माण, मारुंजी, वाकड, पुनावळे बघा. खराडीला असेल तर चंदननगर. वाघोलीत भाडं कमी, पण अहिल्यानगर रस्त्याची कोंडी सोसावी लागते. मगरपट्ट्याला काम असेल तर हडपसर, मांजरी, फुरसुंगी. चाकणला असेल तर महाळुंगे किंवा मोशी. राहायला हडपसर आणि नोकरी हिंजवडीत, हे शक्यतो टाळा. मेट्रो मार्च २०२२ पासून धावतेय. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन मार्गांच्या जवळ काम आणि घर दोन्ही असतील, तर प्रवास खूपच सुसह्य होतो. जो मार्ग अजून बांधला जातोय, त्याच्या भरवशावर घर घेऊ नका. कंपनीची बस असेल तर तिचे थांबे आधी विचारा आणि थांब्यापासून चालत दहा मिनिटांवर खोली शोधा. रात्रपाळीच्या माणसाला तर याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये नाही, लाइनमध्ये मोजतात. पश्चिम, मध्य, हार्बर आणि ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर. काम ज्या लाइनवर, घर त्याच लाइनवर. अंधेरीत काम आणि डोंबिवलीत घर म्हणजे दादरला पूल चढून गाडी बदलणं किंवा घाटकोपरला उतरून मेट्रो, रोज दोनदा. नकाशा बघून हे सोपं वाटतं. सकाळी साडेआठला सोपं नसतं. विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटर आणि कल्याण सीएसएमटीपासून ५४ किलोमीटर. फास्ट गाडीनेही तासाच्या वर लागतो, आणि त्यात घर ते स्टेशन, स्टेशन ते कचेरी हे धरलेलं नाही. घर आणि स्टेशनमध्ये शेअर रिक्षा लागत असेल तर तिचा दर आणि रात्री अकरानंतर ती मिळते का, हे विचारा. गाडी जिथून सुटते त्या स्टेशनाजवळ राहिलात तर बसायला मिळण्याची शक्यता वाढते. रविवारच्या मेगाब्लॉकच्या (दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याच्या) वेळा आदल्या दिवशीच बघायची सवय लावा.

घर ठरवण्याआधी एक चाचणी कराच. सोमवार किंवा मंगळवारी, कामाला जायच्या वेळी, त्या घरापासून कचेरीपर्यंत जाऊन बघा आणि संध्याकाळी सुटायच्या वेळी परत या. रविवारी केलेल्या चाचणीला काही अर्थ नाही. जमलं तर पावसाळ्यात एकदा जा, कारण कुठला रस्ता आणि कुठला भुयारी मार्ग तुंबतो हे तेव्हाच कळतं.

लांबचं घर खरंच स्वस्त पडतं का, तेही मोजा. घर दहा किलोमीटर लांब गेलं तर रोजचे वीस, महिन्याचे पाचशे किलोमीटर वाढतात. लिटरला ४५ देणाऱ्या दुचाकीला अकरा लिटर पेट्रोल, म्हणजे अकराशेहून जास्त रुपये. टायर, ऑइल वेगळं. भाड्यातले दोन हजार वाचवून निम्म्याहून जास्त पेट्रोलमध्ये घालायचे आणि वर रोजचा तासभर घालवायचा, असा हा व्यवहार होतो.

चौथी पायरी: पहिल्या दिवशी लागणारी रोकड

महिन्याचा हिशेब जमला तरी पुष्कळजण सुरुवातीलाच अडतात, कारण पहिल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम जाते. पुण्यात अनामत साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असते, मुंबईत तीन ते सहा महिन्यांची. एजंट लावला तर महिन्याच्या भाड्यापर्यंत दलाली. अकरा हजार भाड्याच्या घरासाठी अनामत ३३,०००, पहिलं भाडं ११,०००, दलाली ११,०००, करारनाम्याचे अडीच-तीन हजार, सामानाच्या टेम्पोचे अंतरानुसार, गाद्या-बादल्या-पंखा-कुलूप यांचे दहा हजार. हे सत्तर हजारांच्या आसपास झालं.

वर, पहिला पगार वेळेत येईल असं धरू नका. कंपन्या पगाराची यादी साधारण २० ते २५ तारखेला बंद करतात. त्यानंतर रुजू झालात तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या अखेरीस. दीड महिना खिशातून काढावा लागतो. कुटुंबासह जाणाऱ्याजवळ म्हणून एक लाखाच्या वर रक्कम हवी, आणि ती व्याजाने काढलेली नको. एकटा जाणार असाल तर कॉट बेसिसवर पंचवीस-तीस हजारांत सुरुवात होते. रुजू होण्याची तारीख महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली मागून घेतलीत, तर हा ताण बराच हलका होतो.

पाचवी पायरी: घर बघणं आणि करार

घर दोनदा बघा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री. सकाळी नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं ते विचारा. पाणी महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं, हा पुण्याच्या कडेच्या भागांत पहिला प्रश्न असावा. उन्हाळ्यात टँकरचा खर्च भाडेकरूंच्या माथी येतो का, तेही विचारा. उत्तर घरमालकाकडून घेऊ नका; खालच्या रखवालदाराकडून आणि शेजारच्या बिऱ्हाडाकडून घ्या. सर्वांत वरच्या मजल्यावर आणि पश्चिमेच्या भिंतीवर ओल शोधा: रंगाचे पापुद्रे, कपाटामागचा कुबट वास, छताच्या कोपऱ्यातले पिवळे डाग. घर नुकतंच रंगवलेलं असेल तर हे जास्त बारकाईने बघा. सगळे नळ एकदम सोडून बघा, फ्लश करून बघा, आतल्या खोलीत मोबाइलची रेंज बघा. विजेच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन थकबाकी आहे का तपासा. सबमीटर (मालकाने लावलेला वेगळा मीटर) असेल तर युनिटचा दर आधी ठरवा, नाहीतर बिल दुपटीने येतं.

घर न बघता टोकन देऊ नका. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ अशा जाहिरातीखालच्या फोनवर अनेकांनी पैसे घालवले आहेत. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

महाराष्ट्रात बहुतेक घरं ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर, ११ महिन्यांसाठी दिली जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करू, तेवढं पुरे’ असं मालक म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. शाळाप्रवेश, गॅस, पत्ता बदल अशा पुष्कळ ठिकाणी नोंदणीकृत करारच चालतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि अनामतीवरच्या व्याजाच्या पाव टक्का, आणि नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये. एजंट बायोमेट्रिक यंत्र घेऊन घरीच येतो. आधार, पॅन आणि दोन साक्षीदार लागतात. खर्च कोण उचलणार हे आधी बोलून घ्या; निम्मा-निम्मा ही रीत सर्रास आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचं कामही मालकाचंच, पण झालं का ते विचारून त्याची प्रत ठेवा.

करारात चार गोष्टी शोधून वाचा. लॉक-इन किती महिन्यांचं, म्हणजे त्याआधी सोडलं तर किती पैसे कापणार. सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची. एक महिना ठीक आहे. मेंटेनन्स भाड्यात धरलाय का. आणि सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का. नोकरी नवी असताना सहा महिन्यांचं लॉक-इन स्वीकारू नका, दोन-तीनवर आणा. मुदत संपल्यावर घर न सोडल्यास दुप्पट भाडं मागण्याचा हक्क मालकाला कायद्याने आहे, म्हणून संपण्याची तारीख मोबाइलवर नोंदवून ठेवा.

किल्ली मिळाली त्याच दिवशी, सामान आत नेण्याआधी, सगळ्या घराचा व्हिडिओ काढा: भिंती, फरशीचे तडे, नळ, गिझर, विजेच्या मीटरचा आकडा. तो घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. अकरा महिन्यांनी अनामत परत घेताना या पाच मिनिटांचा उपयोग होतो.

सहावी पायरी: कागदपत्रं, गाव सोडण्याआधी आणि सोडल्यावर

निघण्याआधी तहसीलमधून उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअरचा दाखला काढून घ्या. नंतर एकेका कागदासाठी रजा टाकून यावं लागतं. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मात्र नव्या शाळेत प्रवेश पक्का झाल्यावरच काढा. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांसाठी अर्ज करायचा असेल तर शाळेपासूनचं अंतर आणि नोंदणीकृत भाडेकरार दोन्ही बघितले जातात. जूनपासून शाळा हवी तर करार आधीच्या हिवाळ्यातच झालेला बरा.

रेशनकार्डावरून नाव कमी करायची घाई करू नका. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे अंगठा देऊन शहरातल्या रास्त भाव दुकानातही धान्य उचलता येतं, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठीही हेच कार्ड लागतं. गॅसचं तसं नाही. सगळं कुटुंब निघणार असेल तर जुन्या वितरकाकडे सिलेंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याची पावती) आणि अनामत घ्या, आणि नव्या गावी जोडणी घ्या. एकटे जाणार असाल तर पाच किलोचा छोटा सिलेंडर पुरतो. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. मतदारयादीतला पत्ता नमुना ८ भरून बदलतो, पण मग गावच्या ग्रामपंचायतीचं मत जातं. हे ज्याचं त्याने ठरवावं.

मागे राहतं ते

शेती असेल तर निघण्याआधी दोन गोष्टी लावून द्या. पहिली, जमीन कोण कसणार आणि खर्च-उत्पन्नाची वाटणी काय, हे सख्ख्या भावाशीसुद्धा कागदावर लिहा. तोंडी ठरलेल्या वाट्यावरून घरं तुटतात. दुसरी, ई-पीक पाहणी. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाइलवर, शेतात उभं राहून करायची असते. ती राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि अतिवृष्टीची भरपाई किंवा हमीभावाची विक्री अडते. गावातल्या विश्वासू माणसाच्या मोबाइलवरून तुमच्या खात्याची नोंद होऊ शकते, त्याला आधीच दाखवून ठेवा. पीएम किसानच्या वर्षाच्या ६,००० साठी ई-केवायसी लागते आणि तिचा ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर येतो. शहरात नवं सिम घेतलंत तरी तो क्रमांक बंद पडू देऊ नका. पुढे आयकर भरण्याइतका पगार झाला तर ही मदत बंद होते, तेव्हा ती कायमची मिळकत धरू नका.

आई-वडील गावीच राहणार असतील तर खरा प्रश्न हा: रात्री दोनला फोन आला तर घरी पोचायला किती तास? लातूर, नांदेडहून पुण्याला रात्रभराचा प्रवास. गडचिरोलीहून पुढचा दिवसही जातो. म्हणून जाण्याआधी शेजारच्या एका घराला आणि गावातल्या एका गाडीवाल्याला सांगून ठेवा, त्यांच्याकडे थोडे पैसेही ठेवा. औषधांची यादी, जुने रिपोर्ट आणि रेशनकार्डाचे फोटो तुमच्या मोबाइलवर असू द्या. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना आणि सर्व महिलांना निम्मं तिकीट. त्यामुळे दर दोन महिन्यांनी तुम्ही जाण्याऐवजी त्यांनीच येऊन आठ दिवस राहणं स्वस्त पडतं, आणि नातवंडांना आजी-आजोबा मिळतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपती आणि दिवाळीच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच मांडून ठेवा.

एकदम न हलता, टप्प्याने हला

शक्य असेल त्याने पहिले तीन महिने एकट्याने, कॉटवर किंवा मित्रांबरोबर खोलीत काढावेत. गावचं घर, गॅस, मुलाची शाळा, काही हलवू नये. या काळात रोजचा खर्च खरोखर लिहावा, कारण तुमच्या वहीतला उजवा रकाना तोवर अंदाजाचा असतो. नोकरी कायम झाली, म्हणजे प्रोबेशन संपलं, की मग घर शोधावं, आणि कुटुंबाने उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर येऊन राहून बघावं. घरात दिवसभर राहणाऱ्या माणसाला ती जागा मानवते का, हे तेव्हाच कळतं. सकाळ झाली की घराबाहेर पडणाऱ्याला ते कळत नाही. शाळा जूनला बदलावी, मधेच नाही. गावचं घर भाड्याने देण्याची किंवा गुरं विकण्याची वेळ वर्षानंतरची.

करारातला दहावा महिना लागला की बसून पुन्हा वही उघडा. तोवरची शिल्लक, रोजचा प्रवास, मुलाचा अभ्यास, घरच्यांची तब्येत, नव्या नोकरीची शक्यता. राहायचं ठरलं तर मालकाशी नव्या भाड्याचं बोला. पाच ते दहा टक्के वाढ ही नेहमीची, त्याहून जास्त मागितली तर त्याच गल्लीतल्या दोन घरांची भाडी सांगता यायला हवीत. निघायचं ठरलं तर सूचना व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे, लेखी द्या. शेवटच्या महिन्याचं वीजबिल भरून पावती ठेवा. पहिल्या दिवशीचा व्हिडिओ उघडून मालकाबरोबर घरातून एकदा फिरा, आणि किल्ली हातात देताना अनामत खात्यात जमा झाल्याचा संदेश तिथेच उभं राहून बघा.